जवस लावताय? निम्मं काम पेरणीच्या आधीच असतं

"जवस काय, टाकलं की येतंय" हे वाक्य ऐकून पेरलेली रानं डिसेंबरात बघा. बारीक काड्या, मध्ये गुडघाभर तण, आणि शेतकरी म्हणतोय की आपल्याकडं हे पीकच येत नाही. येतं की. सातारा-सांगलीत माण-खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या भारी रानात येतं आणि कोरेगाव-कराड-तासगावकडंही येतं. फक्त ह्याची कामं सोयाबीन-हरभऱ्यासारखी करून चालत नाही, आणि सेंद्रियवाल्यांच्या तर काही नेहमीच्या सवयीच ह्या पिकाला मारक आहेत, बीजामृत (बी बुडवून काढायचं शेण-गोमूत्राचं पाणी) त्यात पहिलं, त्यावर पुढं येतोच. खाली कामं क्रमाने दिली आहेत. क्रम बदलू नका, बऱ्याच जणांचं सगळं बरोबर असतं पण उलटसुलट केलेलं असतं.

१. बी आणायच्या आधी गिऱ्हाईक बघा

जवसाला हमीभाव नाही. केंद्राच्या यादीत करडई आहे, मोहरी आहे, कारळासुद्धा आहे, जवस नाही. सांगलीच्या यार्डात हळद-बेदाण्याला बोली लागते तशी जवसाला लागेल ह्या भरवशावर पेरू नका. चटणी करणारे बचत गट, लाकडी घाणेवाले, आणि ज्यांना तुम्ही आधीपासून सेंद्रिय ज्वारी-गूळ देताय ते घरगुती गिऱ्हाईक, ह्यांच्याशी ऑगस्टातच बोला, किती किलो लागेल ते वहीत लिहून घ्या आणि तेवढंच पेरा.

पहिल्या वर्षी १० ते २० गुंठे पुरे. कोरडवाहूत एकरी २ ते ४ क्विंटल धरा, दोन पाणी दिली तर थोडं वर. ह्याच्यापेक्षा मोठे आकडे कोणी व्हॉट्सअपवर पाठवले तर वाचा आणि सोडून द्या.

२. रान कुठलं

मध्यम ते भारी काळं, पाण्याचा निचरा होणारं. मुरमाड माळावर कोरडवाहू जवस टाकू नका, ह्याची मुळं फार खोल जात नाहीत, जानेवारीत ओल सरली की बोंडं भरत नाहीत. मिरज, पलूस, वाळव्याकडची कृष्णाकाठची क्षारपड, पांढरी पडलेली रानंही नकोत. ऊस तिथं कसाबसा तग धरतो म्हणून जवसही धरेल असं नाही.

मागचं पीक महत्त्वाचं. वाघ्या घेवडा, मूग, उडीद निघालेलं रान सगळ्यात सोयीचं, कारण ते सप्टेंबरात मोकळं होतं आणि तण मारायला मध्ये वेळ मिळतो. सोयाबीननंतरही जमतं, पण मग वेळेची ओढाताण होते. ज्या रानात गेल्या तीन वर्षांत जवस होतं तिथं परत नको, मर रोगाची बुरशी मातीतच राहते आणि पुढच्या जवसाची वाट बघत बसते.

सावध: ज्या तुकड्यात दुभत्यासाठी ल्युसर्न म्हणजे लसूणघास होता आणि त्यात कधी अमरवेल (दुसऱ्या झाडावर जगणारी पिवळी वेल) दिसली होती, ते रान बाजूला ठेवा. अमरवेलीचं बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं आणि जवस तिला फार आवडतं.

बांधाला लागून शेजाऱ्याची द्राक्षबाग असेल, तासगाव-पलूसकडं असतेच, तर फवाऱ्याचे तुषार येणाऱ्या बाजूच्या काही ओळी सेंद्रियात धरू नका. त्यांची काढणी वेगळी, पोतं वेगळं. हे आधी ठरवा, काढणीच्या दिवशी मजुरांसमोर ठरवायला बसलात तर सगळं एकत्रच होतं.

३. बी: कुठून आणि कसं तपासायचं

किराणा दुकानातलं जवस पेरू नका. काही वेळा ते हलकं भाजलेलं असतं, जुनं तर बऱ्याचदा असतं, आणि त्यात काय काय मिसळलंय ते देव जाणे. जवसाच्या वाणांचं काम नागपूर आणि लातूरला झालंय, त्यामुळं इकडं बी सहज मिळत नाही, मागवावं लागतं. एनएल-९७, एनएल-२६०, लातूर जवस-९३ ही नावं विचारा. ह्यात लातूर-९३ लवकर येणारं, साधारण ९० ते ९५ दिवसांचं, कोरडवाहूला मला तेच बरं वाटतं. बाकीचे साडेतीन-चार महिन्यांपर्यंत जातात. साताऱ्याकडच्यांनी बोरगावच्या आणि सांगलीकडच्यांनी कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात ऑगस्टमध्येच चौकशी करून ठेवा, दिवाळी तोंडावर आल्यावर फोन करून काही होत नाही.

पिशवी उघडली आणि बी गुलाबी-हिरव्या रंगाचं निघालं तर ते रासायनिक प्रक्रिया केलेलं आहे. सेंद्रियचं प्रमाणपत्र एनपीओपीचं (संस्थेकडून तपासणीचं) असो वा पीजीएसचं (शेतकरी गटाचं), त्या रानात ते चालत नाही, आणि धुऊन घेतलं तरी चालत नाही. मागवतानाच "प्रक्रिया न केलेलं" असं सांगा आणि पावतीवरही तसं लिहून घ्या.

मग दोन तपासण्या करा.

अमरवेलीची: मूठभर बी पांढऱ्या ताटात पसरा. जवसाचा दाणा चपटा, लांबट, गुळगुळीत आणि चकाकणारा असतो. त्यात बारीक, गोलसर, खरबरीत, मातकट दाणे दिसले तर सगळं बी बारीक चाळणीने चाळून घ्या. अमरवेलीचा दाणा खूप लहान असतो, खाली पडतो. चाळलेलं खालचं बांधावर टाकू नका, जाळा.

उगवणीची: १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर एकमेकांपासून लांब ठेवा, वरून ओलं फडकं टाका. पाण्यात भिजत घालू नका. सहा-सात दिवसांनी मोजा, ८० च्या वर उगवले तर बी चांगलं. ६५-७० आले तर त्या प्रमाणात बी वाढवा. ५० च्या खाली असलं तर चटणी करा.

४. आधी तण उगवू द्या, मग मारा

हा टप्पा सगळे गाळतात आणि जवस इथंच हरतं. जवसाचं रोप पहिला महिना सव्वा महिना अगदी सावकाश वाढतं, पानं बारीक, सावली पडतच नाही, त्यामुळं तणाला मोकळं रान मिळतं. सेंद्रियात तणनाशक नाही, आणि भांगलायला बायका बोलावल्या तर पहिल्या पातीलाच विचारतात, "ह्यात पीक कंचं न् तण कंचं?" त्यांचं चुकत नाही, तीन आठवड्यांचं जवस खरंच तसं दिसतं.

म्हणून मागचं पीक निघालं की लगेच कुळवून ढेकळं फोडून रान बारीक करा. एकरी २ टन, म्हणजे चार-पाच बैलगाड्या, पूर्ण कुजलेलं शेणखत ह्याच वेळी मिसळा. अर्धवट कुजलेलं खत टाकलंत तर तुम्ही हातानं तणाचं बी पेरताय. मग परतीच्या पावसाची सर येऊ द्या, नाही आली आणि पाणी असेल तर एक हलकं द्या. आठ-दहा दिवसांत रान हिरवं होईल. हिरवं झालेलं बघून घाबरू नका, तेच पाहिजे होतं. तण दोन पानांवर असताना ऊन बघून एक उथळ कुळवणी करा. वेळ असेल तर हेच परत एकदा.

सावध: ही शेवटची कुळवणी उथळच. खोल घातलीत तर खालचं नवीन बी वर येतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

५. बीजप्रक्रिया कोरडी

आता ते बीजामृताचं. जवसाच्या सालीला पाणी लागलं की त्यातून बुळबुळीत चिकट पदार्थ सुटतो. बीजामृतात बुडवून काढलेलं जवस दहा मिनिटांत सब्जासारखं होतं, सुकवायला ठेवलं की त्याचे लाडू वळतात, आणि ते लाडू चाड्यातून, म्हणजे पेरताना बी सोडायच्या नरसाळ्यातून, खाली येत नाहीत. मग लोक हाताने चोळून सोडवतात, त्यात निम्मं बी खराब होतं. बाकी पिकांना बीजामृत खुशाल लावा, जवसाला नाही.

पावडरीतलं ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयोगी बुरशी) घ्या, किलोला ४-५ ग्रॅम, आणि कोरड्या बियाला घमेल्यात हलक्या हाताने चोळा. ॲझोटोबॅक्टर (नत्राचं जिवाणू खत) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत) किलोला प्रत्येकी २५ ग्रॅम, तेही पावडरीतलंच. गुळाचं पाणी शिंपडून चिकटवायची सवय असेल तर ती इथं सोडा. द्रवरूप जिवाणू खतं आणली असतील तर ती बियाला न लावता शेणखतात मिसळून रानात टाका. चोळलेलं बी सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी पेरा.

६. पेरणी: खोली, बी, वेळ

वेळ: कोरडवाहू असेल तर हस्ताच्या शेवटी ते चित्रात, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, ओल असेपर्यंत. पाण्याची सोय असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालतं. त्याच्यापुढं ढकलू नका. उशिराच्या जवसाला कळ्या लागतात तेव्हाच गादमाशी (हिची अळी कळी आतून खाते) जोरात असते, आणि दाणे भरायच्या वेळी ऊन तापलेलं असतं.

बी: एकरी १० किलो, म्हणजे गुंठ्याला पाव किलो. ओळीत अंतर ३० सेंटीमीटर.

खोली: २ ते ३ सेंटीमीटर, बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त नाही. ज्वारी-हरभऱ्याची सवय असलेला हात कुरी (पेरणीचं बैलाचं अवजार) दाबून धरतो आणि बी चार बोटं खाली जातं. तिथून जवसाचा कोंब वर येत नाही, आला तरी पिवळा आणि मरतुकडा. कुरीवर दाब देऊ नका, फण वरच्या अंगाला बांधा.

हरभरा आणि जवस एकाच चाड्यात मिसळून पेरणारेही आहेत. काढणीला दाणे चाळून वेगळे होतील हो, पण हरभऱ्याला पाच-सात सेंटीमीटर खोली लागते, जवसाला दोन-तीन, एकाच फणाने दोन्ही कशी मिळणार? आंतरपीक करायचं तर चार ओळी हरभरा, दोन ओळी जवस असं पट्ट्यात करा, आधी हरभरा पेरून घ्या, मग फण वर घेऊन जवस. तेव्हा जवसाचं बी एकरी सव्वातीन किलोच्या आसपास लागेल. पहिल्या वर्षी मी तर हेच करायला सांगेन, जवस फसलं तरी हरभरा हातात राहतो.

जवसाचा दाणा घसरडा, चाड्यात मूठ सैल झाली की भसाभस जातो. १० किलो बियात तेवढीच चाळलेली कोरडी वाळू किंवा बारीक शेणखत मिसळलं की हात ताब्यात राहतो. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने पेरणार असाल तर डब्याच्या फटी आधी बघा, नाहीतर बांधापासून रानापर्यंत जवसाची रांगोळी निघते.

थांबा आणि तपासा: पाव किलो बी वेगळं घेऊन मोजलेल्या एका गुंठ्यात पेरून बघा. गुंठा व्हायच्या आत संपलं तर दाट पडतंय, उरलं तर विरळ. ह्याला पंधरा मिनिटं लागतात, एकरभर पेरल्यावर मोजून उपयोग नाही.

पेरल्यावर हलकी फळी फिरवा, बी मातीला चिकटलं पाहिजे. उगवण व्हायच्या आत पाऊस पडून वर पापडी धरली तर बाभळीची फांदी हलक्या हाताने ओढून ती फोडा. चार-पाच दिवसांत ओळी दिसायला लागतात. दहा दिवस झाले आणि ओळीच दिसत नाहीत, तर उकरून बी बघा. कुजलंय की खोल गेलंय ते तिथंच कळेल.

७. पहिले ४५ दिवस

पहिली कोळपणी २० दिवसांच्या आसपास, ओळी नीट दिसायला लागल्या की. कोळपं उथळ आणि ओळीपासून जरा लांब, माती रोपावर पडली तर रोप गाडलं जातं. त्याच आठवड्यात ओळीतली भांगलण, आणि सुरुवात करायच्या आधी बायकांना स्वतः दोन हात ओळ भांगलून दाखवा. दुसरी फेरी ३५ ते ४० दिवसांनी. त्यानंतर जवस स्वतःचं बघतं.

पाण्याची सोय असेल तर पहिल्या भांगलणीनंतर एकरी २०० लिटर जीवामृत (शेण-गोमूत्र-गुळाचं आंबवलेलं पाणी) एकदा द्या. एकदाच. दर पंधरा दिवसांनी स्लरी सोडून हिरवंगार केलेलं जवस बघायला छान वाटतं, पण नत्र जास्त झालं की काडी उंच, नाजूक होते आणि फेब्रुवारीच्या पहिल्या वाऱ्यात लोळते.

ह्याच काळात पिवळ्या दोऱ्यासारखं काही रोपांना गुंडाळलेलं दिसलं तर ती अमरवेल. तोडत बसू नका, तुकडा राहिला की परत धरतो. त्या ठिकाणचं जवस वेलीसकट उपटा, पोत्यात भरा, रानाबाहेर नेऊन जाळा. फुलं यायच्या आत.

८. पाणी

दोन पाणी असतील तर एक ४० ते ४५ दिवसांनी फुलं धरायच्या सुमाराला, दुसरं ६५ ते ७० दिवसांनी बोंडं भरताना. एकच असेल तर पहिलं. साऱ्यांतून हलकं सोडा, भारी रानात पाणी तुंबलं की मर लागायला निमित्तच.

टेंभू, म्हैसाळ, ताकारी, उरमोडी ह्या पाणी योजनांच्या लाभक्षेत्रात एक वेगळीच अडचण असते. आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी सोडायची पाळी, आपल्या हातात नसतं, आणि बोंडं तपकिरी व्हायला लागल्यावर पाटाला पाणी आलं की "आलंय तर सोडूया" होतं. सोडू नका. झाड परत हिरवं होतं, वर नवीन फुलं धरतं, खालची बोंडं वाळलेली आणि वरची कोवळी, मग काढायचं कधी?

९. फुलोऱ्यात कशाला घाबरायचं, कशाला नाही

सकाळी आठ-नऊला रान निळंशार असतं आणि दुपारी जाऊन बघितलं तर सगळ्या पाकळ्या खाली. ह्याला रोग समजून फवारणी केलेली माणसं आहेत. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत गळतं, दुसऱ्या दिवशी नवीन येतात. काही करायचं नाही.

घाबरायचं ते गादमाशीला. कळ्या फुगलेल्या दिसतात पण उमलत नाहीत. अशा कळ्या रानात चार-पाच जागी नखाने उघडून बघा, आत नारिंगी-गुलाबी बारीक अळी दिसली की समजा. आत शिरलेल्या अळीवर वरून मारलेलं काही लागत नाही, म्हणून ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी कळ्या धरायला लागल्या की करायची, गरज वाटली तर आठ-दहा दिवसांनी परत. संध्याकाळी मारा, सकाळी मधमाश्या असतात. आणि वेळेवर पेरणी हाच ह्यावरचा खरा उपाय.

झाडं मध्येच सुकून माना टाकत असतील तर मर. ती उपटून बाहेर न्या आणि ह्या तुकड्याची वहीत नोंद ठेवा. ढगाळ हवेत पानांवर पांढरी पावडर दिसली तर भुरी. शेवटी शेवटी आली तर फार मनावर घेऊ नका, लवकर आली तर पाण्यात मिसळणारं गंधक वापरता येतं, पण प्रमाणन संस्थेला आधी विचारून.

१०. काढणी आणि मळणी

पानं गळलेली, दहातली आठ-नऊ बोंडं तपकिरी, आणि झाड कानाशी हलवलं की आत दाणे खुळखुळतात, ही वेळ. काडी थोडी पिवळट-हिरवी असली तरी चालतं. बोंडं अगदी कडक होईपर्यंत थांबलात तर कापतानाच फुटतात.

विळ्याने कापा. हरभरा उपटतो तसं उपटू नका. मुळाबरोबर माती आणि खडे येतात, जवसाएवढे खडे चाळणीनेही निघत नाहीत, आणि चटणीत एक जरी खडा लागला तरी ते गिऱ्हाईक परत येत नाही.

पेंढ्या बांधून ताडपत्रीवर चार-पाच दिवस उन्हात उभ्या करा. मळणी भर दुपारी. सकाळी दवाने काडी ओली-चिवट असते, बोंडं फुटत नाहीत. आता मळणी यंत्राचं: जवसाच्या काडीत धागा असतो, त्याचंच लिनन होतं, आणि तो धागा यंत्राच्या ड्रमला असा गुंडाळतो की कोयत्याने कापून काढावा लागतो. थोडं पीक असेल तर ताडपत्रीवर काठीने झोडपा, जास्त असेल तर टायर धुतलेला ट्रॅक्टर सावकाश फिरवा. यंत्रच लावायचं असेल तर फक्त बोंडांचा शेंडा आत धरा, पेंढी सोडू नका. डांबरी रस्त्यावर तर पसरूच नका.

सावध: काड जनावरांपुढं टाकू नका. धागा पचत नाही, आणि हिरव्या जवसात तर विषारी द्रव्यही असतं, पाण्याचा ताण पडलेल्यात जास्त. आच्छादनाला वापरा.

११. साठवण आणि विक्री

उफणून, चाळून दोन-तीन उन्हं द्या. दाणा दाताखाली धरल्यावर दबला तर ओल आहे, कट्‌कन फुटला तर झालं. ओलावा ८-९ टक्क्यांवर आला पाहिजे. गोणपाटाच्या पोत्यात भरू नका, विणीतून गळतं, आत प्लास्टिक असलेलं किंवा घट्ट विणीचं पोतं घ्या.

अख्खा दाणा वर्षभर चांगला राहतो, तेल राहत नाही, लवकर खवट होतं. म्हणून ऑर्डर आल्याशिवाय घाण्यावर नेऊ नका, आणि काढलं तर गडद बाटलीत, थंड जागी. हार्डवेअरच्या दुकानातलं जवसाचं म्हणजे अळशीचं तेल रंगकामाचं असतं, खायचं नाही, कोणी भाव विचारताना त्याच्याशी तुलना केली तर हे सांगा.

घाण्यावरून पेंड परत मिळते ती मागून घ्या, दुभत्याला चांगली. पण कोमट पाण्यात भिजवून आंबोण करून ठेवू नका, त्यात तेच विषारी द्रव्य सुटतं. कोरडी द्या, नाहीतर उकळत्या पाण्यात घालून नीट शिजवून, गार करून. सुरुवात थोड्यापासून.

पुढच्या वर्षीचं बी ठेवायचं असेल तर मर न लागलेल्या भागातलं, बांधापासून आतलं, आणि मळणीच्या आधीच वेगळं काढलेलं.